तळ्याकाठचा उन्हाळा

उन्हाळ्याची सुटी जवळ आली, म्हणजे शहरांतील सुशिक्षित घरांतून एक प्रश्न हटकून निघतो : यंदा जावयाचे कोठे? कोणी महाबळेश्वरचे नाव काढतो, कोणाला कोकणातील आंबे-फणस खुणावतात, कोणी हिमालयाचा बेत करतो. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्याचे नाव या यादीत सहसा येत नाही. आणि यावे तरी का? मे महिन्यात तेथे पारा ४५ अंशांच्या आसपास घोटाळत असतो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही आणि थंड हवेचे ठिकाण म्हणावे असे तेथे काही नाही. अशा ठिकाणी पुण्याचा एक तरुण एप्रिलच्या अखेरीस गेला आणि मृग लागेपर्यंत राहिला. श्रोतेहो, त्याच्या त्या सहा आठवड्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. तीत साहस नाही, संकट नाही. परंतु शहरातील मनुष्य खेड्यात पाहुणा म्हणून जातो, तेव्हा तो तेथून काय घेतो आणि तेथे काय देतो, हा प्रश्न मात्र तीत आहे; आणि तो प्रत्येक घराने एकदा तरी स्वतःला विचारावा असा आहे.

या तरुणाला सोयीसाठी पुणेकर म्हणू. महाविद्यालयाच्या वसतिगृहात त्याच्या खोलीत राहणारा सोबती गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका खेड्याचा होता. घर ढीवर समाजाचे, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तळ्यावर मासेमारी करणाऱ्यांचे. मुलगा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवून पुण्यास आला, आणि शेवटच्या परीक्षेपूर्वीच त्याला पुण्यात नोकरीही ठरली. मागील दोन उन्हाळ्यांत तो घरी गेला नव्हता. नोकरीवर रुजू होण्यापूर्वी एकदा घरी राहून यावे, असे त्याने ठरविले, आणि पुणेकराने सहज म्हटले, "मीही येतो." पिशवीत दोन कादंबऱ्या, छायाचित्रे घेण्याचे यंत्र आणि उन्हाची काळी चष्मी घालून तो निघाला. सुटी म्हणजे काही न करणे, अशी त्याची समजूत होती.

कोल्हापूरहून निघणारी महाराष्ट्र एक्सप्रेस पुण्यावरून सारा महाराष्ट्र आडवा ओलांडीत गोंदियास जाऊन थांबते. एक रात्र आणि जवळजवळ पुरा एक दिवस या प्रवासात जातो. विदर्भाची काळी कपाशीची जमीन मागे पडते, नागपूर मागे पडते, वैनगंगा लागते, आणि मग दोन्ही बाजूंना लहान लहान बांध घातलेल्या धानाच्या खाचरांचा मुलूख सुरू होतो. या खाचरांस तिकडे 'बांधी' म्हणतात. गोंदिया हे मुंबई-हावडा मार्गावरील मोठे जंक्शन. भातगिरण्या आणि विड्यांचा व्यापार यांवर ते शहर वाढले. त्याचा जिल्हा मात्र अलीकडचा. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून तो वेगळा करण्यात आला. येथून एक फाटा दक्षिणेस बल्लारशाहकडे जातो. पूर्वी त्यावर अरुंद मापाची छोटी गाडी चाले. आता मोठी धावते. सौंदड, देवलगाव, अर्जुनी अशी स्थानके घेत ती वडशाकडे वळते. अर्जुनीला दोघे उतरले, तेव्हा रात्र झाली होती. स्थानकाबाहेर मित्राचे वडील दुचाकी घेऊन उभे होते. त्यांनी पाहुण्याची पिशवी आपणच उचलली आणि ते एवढेच म्हणाले, "आलात, बरं झालं."

या प्रदेशाला झाडी किंवा झाडीपट्टी म्हणतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा जंगलाने वेढलेला हा पट्टा आहे. येथील बोली ऐकून पुणेकर प्रथम गोंधळला. आपण मराठी बोलतो तेव्हा सारी मराठी आपल्याला कळते, असा जो एक गैरसमज पुण्यामुंबईकडे असतो, तो तिसऱ्या दिवशी गळून पडला. झाडीबोलीत 'ण' नाही आणि 'ळ' नाही. पाणी तेथे 'पानी' होते आणि डोळा 'डोरा' होतो. ही अशुद्ध मराठी आहे, असे त्याने मनात म्हटले असेल. पण झाडीबोलीचा अभ्यास साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या विद्वानांनी केलेला आहे, आणि तिला स्वतःचे नियम आहेत, हे त्याला मित्राने शांतपणे सांगितले. त्याच गावात कोणाच्या घरी पोवारी, कोणाच्या घरी गोंडी, बाजारात हिंदी आणि शाळेत प्रमाण मराठी असा प्रकार होता. चार भाषांतून सहज ये-जा करणारी दहा वर्षांची मुले पाहून, एका भाषेच्या बळावर ऐट मिरविणारा हा पदवीधर थोडा ओशाळला.

परंतु त्याला खरी शरम वाटली ती निराळ्याच कारणाने. पहिल्या सकाळी मोरीत दोन बादल्या पाणी भरून ठेवलेले होते. प्रवासाचा शीण, उकाड्याने जीव हैराण. पुणेकराने मनसोक्त स्नान केले, दोन्ही बादल्या रिकाम्या केल्या आणि तिसरीसाठी हाक मारली. तिसरीही आली. दोन दिवस हा क्रम चालला. तिसऱ्या दिवशी पहाटे उकाड्याने त्याला जाग आली, तेव्हा मित्राची धाकटी बहीण डोक्यावर एक आणि कमरेवर एक असे हंडे घेऊन अंगणात शिरताना त्याने पाहिली. गावातील विहिरीने तळ गाठला होता, आणि हातपंपावर पहाटे चारपासून रांग लागत असे. पाहुण्याच्या स्नानासाठी त्या मुलीने जास्तीच्या दोन खेपा घातल्या होत्या. घरातील कोणी त्याला एका शब्दाने बोलले नव्हते. किंबहुना कोणी बोलले नव्हते, म्हणूनच त्याला ते अधिक लागले. त्या दिवशी त्याने अर्ध्या बादलीत स्नान केले. दुसऱ्या दिवशी पहाटे तो हंडा घेऊन रांगेत उभा राहिला, तेव्हा बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मित्राची बहीण हसली नाही, तिने त्याला डोक्यावर ठेवावयास चुंबळ दिली.

पाण्याच्या रांगेतूनच त्याला तळे दिसले. आता या तळ्यांविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कारण त्यांच्यावाचून या मुलखाचे अन्न, मैत्री किंवा संस्कृती यांपैकी काहीच समजत नाही. पावसाचे पाणी साठवून त्यावर धान आणि ऊस पिकविण्याची कला येथे कोहळी समाजाने कळसास नेली. गोंड राजांच्या आश्रयाने हे लोक येथे आले आणि तलाव बांधणाराला जमीन मिळे, अशी परंपरा सांगतात. दोन टेकड्यांमधील खिंड हेरावयाची, तेथे मातीची पाळ घालावयाची, पाणी सोडण्यासाठी पाळीत 'तुडूम' नावाचे दार ठेवावयाचे, आणि जादा पाणी वाहून जाण्यास सांडवा काढावयाचा. यंत्र नाही, नकाशा नाही. जमिनीचा उतार डोळ्याने जोखणारी माणसे मात्र होती. नवेगावबांधचा प्रचंड जलाशय कोलू पाटील कोहळी याने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधला, असे परंपरा सांगते. लोकांनी पुढे त्याला कोलासूर या नावाने देवपण दिले. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारा समाज पाण्याची किंमत ओळखत होता, एवढे तरी यावरून खचित म्हणता येईल.

पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव सरकारी नोंदीत आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे तलाव मालगुजारांच्या हातून सरकारकडे गेले. म्हणून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव', आणि थोडक्यात 'मामा तलाव' म्हणतात. नाव ऐकून पुणेकराला मौज वाटली. परंतु मामाच्या घरी भाच्यांची जी चंगळ असते, ती येथे राहिली नव्हती. मालगुजाराच्या अमलात जुलूम होता, आणि तो गेला हे योग्यच झाले. पण दर उन्हाळ्यात पाळ दुरुस्त करण्याची आणि गाळ उपसण्याची जी रीत होती, तीही त्याच्याबरोबर ढिली पडली. तलाव सर्वांचा झाला, म्हणजे पुष्कळ ठिकाणी तो कोणाचाच राहिला नाही. गाळ साचला, खोली कमी झाली, आणि काठावर बेशरम नावाच्या झुडपाने ठाण मांडले. तिचे नाव ज्याने ठेवले, त्याला तिचा स्वभाव पुरा कळला होता. ती तोडली तरी पुन्हा फुटते, आणि गुरे तिला तोंड लावीत नाहीत.

आता त्या घरच्या जेवणाकडे वळू. पुणेकराने मनात सावजी रश्श्याची कल्पना बाळगली होती, ती नागपूरची. येथे सकाळ, दुपार, रात्र भात. सकाळी पेज, तिच्याबरोबर कांदा आणि कैरीची फोड. दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचे वरण. ही लाखोरी धान कापण्यापूर्वीच ओल्या बांधीत फेकून देतात. नांगरट नाही, वेगळे पाणी नाही, जमिनीत उरलेल्या ओलीवर ती येते. त्यानंतर मासे. मरळ आणि शिंगूर या तळ्यातील माशांचे कालवण जवसाच्या तेलावर केलेले होते. त्या तेलाचा उग्र वास पहिल्या दिवशी त्याच्या नाकात बसला, आणि दहाव्या दिवशी तो नसला तर जेवण अपुरे वाटू लागले. कमळाचे कंद, ज्यांना तिकडे ढेस म्हणतात, त्यांची भाजी त्याने प्रथमच खाल्ली. आडव्या कापांतील जाळीदार नक्षी पाहून त्याने छायाचित्र घेतले, तेव्हा मित्राची आजी म्हणाली की फोटो मागाहून, आधी भाजी गरम आहे तोवर खा.

अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली गेली. पन्हे झाले, चिंचवणी झाली. कडक उन्हाळ्यात, पाणी सर्वांत दुर्मिळ असते त्याच दिवसांत, पूर्वजांना पाणी द्यावयाचे, यातला अर्थ त्याला हातपंपाच्या रांगेने आधीच समजावून दिला होता. मुलांबरोबर तो रानात गेला, तेव्हा टेंभुर्णीची पिवळी टेंभरे आणि चाराची काळसर फळे त्याने खाल्ली. चाराचा गर चोखून टाकला, म्हणजे आत कठीण बी राहते, आणि ते फोडल्यावर जी निघते ती आपली चारोळी. पुण्यास श्रीखंडावर चिमूटभर पसरली जाणारी चारोळी कोणाच्या तरी हातांनी अशी एकेक फोडलेली असते, हे त्याने कधी मनात आणले नव्हते. मोहाचा बहर संपला होता. पण वाळविलेली फुले मडक्यात होती. त्यांची गोड भाकरी त्याला मिळाली. मोह म्हटले की शहरी माणसाला दारूच आठवते. तेथे ते पावसाळ्यातील बेगमीचे अन्नही आहे. फुलांमागून येणाऱ्या टोरीचे, म्हणजे बियांचे, तेल निघते. एकदा ताटात त्याने थोडा भात टाकला. मित्राची आई रागावली नाही, ती म्हणाली, "खाल्लं तं पुरते बाबू, सांडलं तं पुरत नाही." हे वाक्य त्याने आपल्या वहीत लिहून ठेवले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात सारे घर पहाटे तीन वाजता उठू लागले. तेंदूच्या पानांचा हंगाम सुरू झाला होता. शहरात ज्या दिवसांत शाळा-कचेऱ्यांना सुटी असते, त्या दिवसांत या मुलखातील वर्षाची मोठी मजुरी पदरात पडते. पुणेकरही हौसेने निघाला. उजाडण्यापूर्वी रानात पोहोचावयाचे, कोवळी पण पुरी वाढलेली, न फाटलेली पाने तोडावयाची, ऊन चढण्याच्या आत घरी परतावयाचे, आणि मग सावलीत बसून त्यांचे पुडे बांधावयाचे. महाराष्ट्रात एका पुड्यात ७० पाने असतात. असे १,००० पुडे म्हणजे एक प्रमाण गोणी. संध्याकाळी पुडे फळीवर, म्हणजे संकलनाच्या जागी, न्यावयाचे, आणि ते मोजून उन्हात मांडले जातात. रानात अस्वलाची भीती असते. मोहाच्या आणि तेंदूच्या दिवसांत माणूस व अस्वल एकाच झाडाखाली येतात. म्हणून बायका एकमेकींना हाका देत राहतात. दूरून ते गाणे वाटते. पण ती खबरदारी असते.

पहिल्या दिवशी पुणेकराचे २२ पुडे झाले. त्यांतील ६ फळीवरच्या मुनशीने पाने फाटकी म्हणून बाजूला काढले. मित्राच्या आजीचे, जिला उजव्या डोळ्याने नीट दिसत नव्हते, ९० झाले. त्या रात्री त्याचे हात चिकाने काळे झाले होते आणि कंबर सरळ होत नव्हती. कादंबऱ्या पिशवीतच राहिल्या. आठवड्याने तो ५० पर्यंत पोहोचला, आणि गावातील मुले त्याला 'पुना' म्हणून हाक मारू लागली. मैत्रीची सुरुवात गप्पांनी होते, असे आपण समजतो. तेथे ती पुडे बांधताना झाली. एकाने गाठ कशी मारावी हे दाखविले, दुसऱ्याने आपली पाण्याची बाटली पुढे केली, तिसऱ्याने त्याची थट्टा केली. आणि थट्टा करण्याइतका माणूस जवळचा झाला, म्हणजे तो पाहुणा राहत नाही.

या पानांचा कारभारही त्याने समजून घेतला. १९६९ च्या कायद्याने त्यांचा व्यापार सरकारच्या नियंत्रणाखाली आला. पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजावर मालकी मिळाली, आणि २०१३ पासून गडचिरोली व गोंदिया या जिल्ह्यांतील काही ग्रामसभा आपली पाने आपणच लिलाव करून विकू लागल्या. जिचे सारे आयुष्य पाने तोडण्यात गेले, ती म्हातारी आता सभेत बसून भाव काय आला, हे विचारू शकते. हा फरक कागदावर लहान दिसतो. पण फळीवर उभे राहून पाहिले, म्हणजे त्याची किंमत कळते.

पानांचा हंगाम मावळला आणि लग्नांची घाई सुरू झाली. जांभळाच्या हिरव्या फांद्यांचे मांडव पडले. त्यांखाली दुपारीही गारवा वाटे. पळसाच्या पत्रावळींवर भात आणि वांगी-बटाट्याची भाजी वाढीत पुणेकर पंगतींतून धावला. झाडीपट्टीची नाटके पाहावयास मिळतील, अशी त्याला आशा होती. पण तो हंगाम दिवाळीनंतरचा. धान घरात आले, हाताशी पैसा आला, की गावोगाव मंडई आणि शंकरपट भरतात, आणि रात्री नऊ-दहा वाजता सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीचे केंद्र वडसा. आणि तिचे एक ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री देऊन देशाने तिची दखल घेतली. नाटक नाही, तरी एका लग्नघरी रात्री उशिरा चारपाच वयस्क माणसे ढोलकी घेऊन बसली आणि त्यांनी दंडारीतील पदे म्हटली. दंडार हा या भागातील जुना नाच-गाण्याचा खेळ. त्यांतील एक गवंडी होता, एक धान कांडण्याच्या गिरणीत हमाल, आणि एक मित्राचा चुलता. त्या चुलत्याला पुणेकराने पंधरा दिवस जाळे विणताना पाहिले होते. त्याच्या गळ्यात असा सूर असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. मित्र ते ऐकत खाली मान घालून बसला होता. लहानपणी तो त्या मेळात पोरीचे सोंग घेऊन नाचत असे, हे त्याने पुण्यास कधीही कोणाला सांगितले नव्हते.

एका दुपारी दोघे दुचाकीवरून गोठणगावाजवळच्या तिबेटी वसाहतीत गेले. १९७२ साली वसलेली नोर्ग्येलिंग नावाची ही वसाहत त्याच तालुक्यात आहे. झाडीच्या उन्हात फडफडणाऱ्या रंगीत पताका, गोम्पा आणि शेजारी धानाच्या बांध्या, असे दृश्य पुणेकराने अपेक्षिले नव्हते. एका घरी त्यांना गरम थुक्पा मिळाला. ४४ अंशांच्या उकाड्यात तो कसा प्यावा, असा त्याला प्रश्न पडला. पण घाम येऊन वारा लागला, की अंग निवते, हे त्या वृद्ध बाईने हसून सांगितले. तिचा मुलगा हिवाळ्यात शहरोशहरी स्वेटरे विकण्यास जातो. पुण्याच्या पदपथावर ज्यांच्याशी आपण वीस रुपयांसाठी घासाघीस करतो, त्यांचे घर येथे आहे आणि ते आपल्याला गरम अन्न देतात, हा विचार त्याच्या मनातून पुष्कळ दिवस गेला नाही.

मे महिन्याच्या अखेरीस तळे आटून मधोमध उरले. आता तळ्याचे काम निघाले. अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढीवर समाजाच्या स्त्रियांनी गेल्या काही वर्षांत एक शहाणपणाचे काम हाती घेतले आहे. तळ्यातील मासे का घटले, याचा विचार त्यांनी केला. देशी मासे पाणवनस्पतींत अंडी घालतात, त्यांच्या आडोशाने वाढतात. त्या वनस्पतीच नाहीशा झाल्या, तर बाहेरून बीज आणून सोडल्याने तळे भरत नाही. म्हणून त्या आधी बेशरम मुळासकट उपटतात, कोरड्या तळाची नांगरट करतात, आणि चांगल्या तळ्यांतून आणलेल्या देशी वनस्पती लावतात. काही तळ्यांत त्यामुळे गेलेले मासे आणि पाणपक्षी परत आले. मित्राची आई अशाच एका गटात होती. तिला अक्षरओळख बेताची. पण कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगी, हे ती बोटांवर सांगे.

नऊ दिवस पुणेकर आणि त्याचा मित्र त्या बायकांबरोबर बेशरम उपटीत होते. पहाटे पाचपासून नऊपर्यंत; पुढे ऊन काम करू देत नसे. हे काम पुडे बांधण्याहूनही चिवट होते. एके सकाळी कुदळ टेकून मित्र म्हणाला, "मी शिकलो ते या तळ्याच्या माशांवर. पुण्याला नोकरीवर गेल्यावर माझ्या कामात या तळ्याचं नाव कुठंच नसेल." पुणेकराला उत्तर सुचले नाही. आई जवळच होती. तिने मुलाला राहा म्हटले नाही आणि जा म्हटले नाही. ती म्हणाली, की सारस वर्षभर दूर चरतो, पण घरटे पाण्यातच बांधतो. महाराष्ट्रात सारस आता मुख्यतः गोंदिया जिल्ह्यातच उरला आहे, आणि दर उन्हाळ्याच्या शेवटी शेतकरी व पक्षिमित्र मिळून त्यांची गणना करतात. ती संख्या मोठी नाही. बाईने दिलेला दृष्टांत म्हणूनच साधा नव्हता. घरटे बांधण्यापुरते तरी पाणी राहिले पाहिजे, हे त्यातच आले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्री वादळ झाले, आणि मृगाचा पहिला पाऊस आला. पहाटे सारे गाव पाळीवर उभे होते. तळ भिजला होता, खड्ड्यांत पाणी चमकत होते, आणि बायका वनस्पतींचे जुडगे टोपल्यांत घेऊन चिखलात उतरत होत्या. पुणेकरही उतरला. त्याने लावलेले जगेल की नाही, हे कळण्यास तो तेथे असणार नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याची गाडी होती. मित्राची आई त्याला मुर्रा, वाळलेले मोह आणि चारोळीची लहानशी पुरचुंडी देत होती. ती पुरचुंडी किती बियांची, हे आता त्याला ठाऊक होते, म्हणून ती घेताना त्याचा हात क्षणभर अडला. आल्या दिवसापासून तो तिला काकू म्हणत होता. त्या दिवशी त्याने मित्रासारखी 'माय' म्हणून हाक मारली, आणि तिनेही ती सहज घेतली.

मित्राचे पुढे काय झाले, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. तो नोकरी सोडून गावी राहिला नाही. पुढच्याच महिन्यात तो पुण्यास कामावर रुजू झाला, आणि त्यात वावगे काही नाही. खेड्यांचे प्रश्न एकेका गुणी मुलाच्या त्यागाने सुटावेत, ही अपेक्षा शहरातील माणसांनी करणे शोभत नाही. परंतु दर मे महिन्यात आठ दिवसांची रजा काढून तळ्यावर जाण्याचे त्याने ठरविले आहे, आणि पुणेकरानेही.

शहरातून नवेगावबांधास जाऊन तेथले होऊन राहिलेले एक उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून त्यांनी या जलाशयाच्या काठी बरीच वर्षे काढली, आणि तेथील माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या जाणत्यांकडून व रानातील माणसांकडून ते पशुपक्ष्यांची भाषा शिकले. २०२५ साली पद्मश्री मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, १८ जून रोजी, ते निवर्तले. त्यांच्या पुस्तकांनी मराठीला शेकडो नवे शब्द दिले. त्यांतील पुष्कळ शब्द मूळचे रानातल्या माणसांच्या तोंडचे होते, आणि ते ऋण त्यांनी कधी लपविले नाही. प्रत्येकाला इतके दिवस राहता येणार नाही, आणि तशी गरजही नाही. पण जेथून आपण घेतो, तेथल्या माणसांचे नाव घेण्याइतका प्रामाणिकपणा सहा आठवड्यांतही शिकता येतो.

तेव्हा या सुटीत मुलांना कोठे पाठवावे, असा विचार ज्या घरांत चालला असेल, त्यांनी झाडीचाही विचार करावा. तेथे थंड हवा मिळणार नाही. जेवण मात्र पोटभर मिळेल, आणि ते कोणाच्या कष्टाचे आहे हेही दिसेल. मुलांच्या पिशवीत काळी चष्मी घातली तरी चालेल. पण निघताना त्यांना एवढे सांगावे, की पहिल्या सकाळी स्नानाच्या बादल्या भरलेल्या दिसतील, तेव्हा त्या कोणी भरल्या, हे आधी विचारावे आणि मग तांब्या उचलावा.